विल्यम हार्वे : रक्ताचा हिशोब मांडणारा वैद्य

राजकारणी किंवा योद्धा यांचे चरित्र लिहिणे तुलनेने सोपे असते. लढाया, तह, कारावास, सत्तांतर अशा बाह्य घटनांचा आधार चरित्रकाराला मिळतो. शास्त्रज्ञाच्या बाबतीत ही सोय नसते. त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना पुष्कळदा टेबलाशी बसून केलेल्या विचारात घडलेली असते आणि ती वाचकाला दाखवायची तर तो विचारच उलगडून सांगावा लागतो. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. रक्ताभिसरणाचा शोध त्यांनी लावला, हे आपण शालेय पुस्तकात वाचलेले असते. हा शोध एका गुणाकाराच्या बळावर उभा होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शरीरातील एखाद्या क्रियेचे गणिती प्रतिमान तयार करणे ही आज शरीरक्रियाशास्त्राची रोजची पद्धत आहे. हृदय, मूत्रपिंड, मज्जातंतू यांच्या कार्याची समीकरणे मांडली जातात, संगणकावर सोडवली जातात. या पद्धतीचा एक अगदी साधा आणि तरीही निर्णायक नमुना हार्वे यांच्या 72 पानांच्या लॅटिन पुस्तकात सापडतो.

घडण

हार्वे यांचा जन्म 1 एप्रिल 1578 रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टन या गावी झाला. वडील टॉमस हार्वे हे जमीनजुमला राखून असलेले, पुढे गावाचे महापौर झालेले प्रतिष्ठित गृहस्थ होते. नऊ भावंडांत विल्यम थोरले. त्यांचे बहुतेक भाऊ व्यापारात शिरले आणि लंडनमध्ये राहून पूर्वेकडील देशांशी व्यापार करून श्रीमंत झाले. इलियाब नावाचा भाऊ तर आयुष्यभर विल्यम यांच्या पैशांची व्यवस्था पाहत असे. आवक आणि जावक जुळलीच पाहिजे ही व्यापारी घरातील शिस्त थोरल्या भावाच्या विचारात उतरली असावी, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. तो मोह क्षम्य समजावा. पुढचा भाग वाचताना तुम्हालाही तो होईल.

कँटरबरी येथील किंग्ज स्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर 1593 मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. या कॉलेजाची पुनःस्थापना करणारे जॉन कीज हे स्वतः वैद्य होते व इटलीतील पादुआ येथे शिकलेले होते. फाशी दिलेल्या गुन्हेगारांची दोन प्रेते दरवर्षी विच्छेदनासाठी मिळावीत, अशी परवानगी त्यांनी कॉलेजासाठी मिळवून ठेवली होती. 1597 मध्ये पदवी मिळाल्यावर हार्वे यांनीही पादुआची वाट धरली.

पादुआचे विद्यापीठ त्या काळी युरोपातील वैद्यकशिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. हार्वे तेथे पोहोचण्यापूर्वी थोडीच वर्षे तेथे शवविच्छेदनासाठी खास सभागृह बांधण्यात आले होते. मध्यभागी खाली टेबल आणि भोवती लंबवर्तुळाकार, एकावर एक चढत गेलेले अरुंद सज्जे. विद्यार्थी त्या सज्जांत दाटीवाटीने उभे राहत आणि मेणबत्त्यांच्या उजेडात खाली पाहत. विच्छेदन करीत असत ते हिएरोनिमस फॅब्रिशियस. नीलांच्या आतल्या बाजूस असलेल्या छोट्या झडपांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ 1603 मध्ये प्रसिद्ध झाला. झडपा त्यांनी अचूक पाहिल्या, अचूक रेखाटल्या. पण रक्त हातापायांकडे एकदम धावून तेथे साचू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत, असा अर्थ त्यांनी लावला. डोळ्यांनी नीट पाहणारा माणूसही अर्थ जुन्याच चौकटीत लावतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. आयुष्याच्या अखेरीस रॉबर्ट बॉईल या तरुण शास्त्रज्ञाशी बोलताना हार्वे यांनी आपल्या विचाराचा उगम या झडपांकडेच दाखविला होता. झडपा जर एकाच दिशेने उघडतात, तर त्या तशा का बसविल्या असाव्यात, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला.

एप्रिल 1602 मध्ये पादुआची वैद्यकातील पदवी घेऊन ते मायदेशी परतले. 1604 मध्ये राजवैद्य लॅन्सलॉट ब्राउन यांच्या एलिझाबेथ या कन्येशी त्यांचा विवाह झाला. 1607 मध्ये ते लंडनच्या वैद्यक महाविद्यालयाचे, म्हणजे तेथील वैद्यांच्या अधिकृत संस्थेचे, सदस्य झाले. 1609 मध्ये गोरगरिबांसाठी असलेल्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांची वैद्य म्हणून नेमणूक झाली. पुढे पहिला जेम्स व त्यानंतर पहिला चार्ल्स या राजांचे वैद्यपदही त्यांच्याकडे आले. मूर्तीने लहानखुरे, वर्णाने सावळे, डोळे काळे आणि तेजस्वी, स्वभाव शीघ्रकोपी असे त्यांचे वर्णन जॉन ऑब्री या समकालीन चरित्रलेखकाने करून ठेवले आहे. लंडनमध्ये कॉफीगृहे सुरू होण्याआधीपासून त्यांना व इलियाबला कॉफीचा नाद होता, हेही ऑब्रीच सांगतो.

जुने चित्र

हार्वे यांनी काय मोडून काढले हे समजल्याशिवाय त्यांनी काय उभारले ते कळणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वैद्य गेलन याची शिकवण चौदाशे वर्षे युरोपात प्रमाण मानली जात होती. तिच्यानुसार खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते. ते नीलांमधून सर्व अवयवांकडे जाते आणि तेथे खर्ची पडते, जसे पाटाचे पाणी शेतात जिरते तसे. या रक्ताचा काही अंश हृदयाच्या उजव्या बाजूस येतो, मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डाव्या बाजूस झिरपतो, फुप्फुसांतून आलेल्या वायुतत्त्वाशी मिसळतो आणि रोहिण्यांवाटे शरीराला चैतन्य पुरवितो. नीलांतील रक्त वेगळे, रोहिण्यांतील वेगळे. दोन्हींचा प्रवास एकमार्गी. परत येणे हा प्रकारच नाही.

हे चित्र सर्वस्वी अबाधित राहिले होते असे नाही. तेराव्या शतकात कैरो येथील वैद्य इब्न अन्-नफीस याने मधल्या पडद्यात छिद्रे नसून रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूस येते, असे लिहिले होते. युरोपात मायकेल सर्व्हेटस याने तीच गोष्ट एका धर्मविषयक ग्रंथात मांडली. धर्ममतांच्या आरोपावरून 1553 मध्ये जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. पादुआ येथे शिकविलेल्या रेआल्दो कोलोम्बोच्या 1559 मधील ग्रंथातही फुप्फुसांतून जाणाऱ्या या मार्गाचे वर्णन आहे. म्हणजे भिंतीला तडे गेले होते. तरीही भिंत उभी होती, कारण यकृत सतत नवे रक्त बनविते आणि अवयव ते सतत संपवितात, या मूळ कल्पनेला कोणी हात लावला नव्हता. ती कल्पना कशी तपासावी, हेच कोणाला सुचले नव्हते.

गुणाकार

1615 मध्ये वैद्यक महाविद्यालयाने हार्वे यांच्याकडे लम्ली व्याख्यानमालेचे काम सोपविले आणि एप्रिल 1616 मध्ये त्यांनी पहिली व्याख्याने दिली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की त्याच महिन्यात शेक्सपिअरचे निधन झाले. व्याख्यानांसाठी त्यांनी काढलेली टिपणे आजही जपून ठेवलेली आहेत. लॅटिनमध्ये मधूनमधून इंग्रजी शब्द घुसडलेली ती वेड्यावाकड्या अक्षरांतील पाने आहेत. ग्रंथ प्रसिद्ध व्हायला मात्र आणखी बारा वर्षे लागली.

या काळात त्यांनी असंख्य प्राण्यांचे धडधडते हृदय पाहिले. आरंभी ते इतके गोंधळून गेले होते की हृदयाची हालचाल केवळ ईश्वरालाच कळत असावी, असे त्यांना वाटू लागले होते. कुत्र्याचे वा डुकराचे हृदय विजेसारखे हलते. कोणता क्षण आकुंचनाचा आणि कोणता प्रसरणाचा, हे डोळ्यांना पकडता येत नाही. मग ते बेडूक, साप, मासे, गोगलगायी यांच्याकडे वळले. थंड रक्ताच्या या जीवांचे हृदय सावकाश चालते. थेम्स नदीतील एका पारदर्शक कोळंबीत तर हृदय काचेच्या पेटीत ठेवल्यासारखे बाहेरूनच दिसे. त्यातून त्यांना कळले की हृदयाचे मुख्य काम आकुंचनाचे आहे. ते आवळते तेव्हा रक्त बाहेर ढकलले जाते आणि त्याच क्षणी रोहिणी फुगते. मनगटाशी जाणवणारी नाडी म्हणजे त्या धक्क्याचा पडसाद.

आता प्रश्न उरला तो किती, हा. ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात हार्वे यांनी तो विचारला आहे. प्रेतामध्ये हृदयाची डावी जवनिका, म्हणजे डावा खालचा कप्पा, मोजून पाहिला तर त्यात दोन औंसांहून अधिक रक्त सापडले होते. आकुंचनाच्या वेळी सगळेच बाहेर जाते असे न मानता त्यांनी चौथा, पाचवा, सहावा, फार तर आठवा हिस्सा बाहेर पडतो असे धरले. अर्धा औंस, तीन ड्रॅम, किंवा अगदी कमी म्हणजे एक ड्रॅम. ड्रॅम म्हणजे औंसाचा आठवा भाग, सुमारे चार ग्रॅम. अर्ध्या तासात हृदयाचे ठोके किती? हजाराहून अधिक, काहींचे दोन, तीन किंवा चार हजारही भरतात, असे त्यांनी नमूद केले आणि हिशोबाला फक्त हजार घेतले.

विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल हाती घ्यावी. एक ड्रॅम गुणिले हजार ठोके म्हणजे हजार ड्रॅम, म्हणजे 125 औंस. औषधी वजनांत बारा औंसांचा पौंड होतो, तेव्हा ही रक्कम दहा पौंड पाच औंस होते, आजच्या मापात सुमारे 3.9 किलो. अर्ध्या औंसाचा अंदाज घेतला तर 500 औंस, म्हणजे एक्केचाळीस पौंड आठ औंस. सर्वांत लहान आकड्याने सुद्धा दिवसाला 500 पौंड रक्त हृदयातून रोहिण्यांत जाते, म्हणजे 187 किलोच्या आसपास! इतके अन्न कोण खातो? जेवणातून एवढे रक्त यकृताला तयार करता येणे शक्य नाही, आणि एवढे रक्त अवयवांत जिरले तर ते फुगून फुटतील.

मेंढीच्या बाबतीत त्यांनी हाच हिशोब प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहिला. ठोक्याला एक स्क्रुपल, म्हणजे ड्रॅमचा तिसरा भाग, एवढे क्षुल्लक माप धरले तरी अर्ध्या तासात साडेतीन पौंड रक्त हृदयातून जाते. मेंढीच्या अंगात एकूण रक्त असते ते जास्तीत जास्त चार पौंड. खाटिकाला हे वेगळ्या रीतीने ठाऊक असतेच. बैलाच्या मानेतील रक्तवाहिन्या कापल्या की पाव तासाच्या आत सारे शरीर रक्तहीन होते, याकडे हार्वे यांनी लक्ष वेधले आहे. तेव्हा उरतो एकच पर्याय. जे रक्त जाते तेच परत येते.

या युक्तिवादाचे सामर्थ्य कशात आहे, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हार्वे यांचे आकडे आजच्या मोजमापांच्या तुलनेत फारच चुकीचे आहेत. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त टाकते आणि मिनिटाला सुमारे 70 ठोके देते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, अर्ध्या तासात जवळजवळ दीडशे लिटर. हार्वे यांचा किमान आकडा याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा आहे. पण ही चूक त्यांनी जाणूनबुजून एकाच बाजूला झुकवली होती. प्रत्येक ठिकाणी त्यांनी प्रतिपक्षाला सोयीचा, स्वतःला गैरसोयीचा आकडा घेतला. शंका घेणाऱ्याने हृदय याहून कमी रक्त टाकते असे म्हणावे, अशी जागाच त्यांनी फारशी ठेवली नाही. निष्कर्ष जर सर्वांत दुबळ्या आकड्यांवरही टिकतो, तर खरे आकडे हाती नसतानाही तो टिकतो. नेमके मोजता येत नसेल तेथे किमान आणि कमाल मर्यादा बांधाव्यात, ही शरीराच्या गणितात आजही वापरली जाणारी युक्ती आहे. माझ्या मते हार्वे यांची प्रतिभा सर्वांत स्पष्ट दिसते ती येथे. झडपांच्या प्रयोगांपेक्षाही अधिक.

स्वतः करून पाहा : स्वस्थ बसून आपल्या मनगटावरील नाडीचे एक मिनिटभर ठोके मोजा. त्यास 30 ने गुणा, म्हणजे अर्ध्या तासाचे ठोके मिळतील. ठोक्याला फक्त चार ग्रॅम रक्त बाहेर पडते असे धरून वजन काढा. 72 ठोक्यांना उत्तर साडेआठ किलोंहून थोडे अधिक येते. प्रौढ माणसाच्या शरीरातील एकूण रक्त सुमारे पाच लिटर असते. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि गेलनच्या बाजूने काही उत्तर देता येते का, याचा विचार करा.

रक्त परत येते, एवढे गणिताने सांगितले. कोणत्या वाटेने येते, हे गणित सांगू शकत नाही. ते प्रयोगांनी दाखवावे लागले. दंडाला पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते, हात फिकट आणि थंड होतो. पट्टी किंचित सैल केली की खोलवरच्या रोहिण्या मोकळ्या होतात, पण वरवरच्या नीला दबलेल्याच राहतात. मग हात लाल होऊन सुजू लागतो आणि पट्टीच्या खालच्या बाजूस नीला टरारून फुगतात. रक्ततपासणीच्या वेळी तंत्रज्ञ आपल्या दंडाला रबरी पट्टा बांधतो तेव्हा हाच प्रयोग रोज पुन्हा घडत असतो. नीला पट्ट्याच्या वर न फुगता खाली फुगतात, याचाच अर्थ त्यांतील रक्त हाताकडून हृदयाकडे निघालेले असते. फुगलेल्या नीलेवर बोट दाबून रक्त वर सरकवले तर ते झडपेपलीकडे जाते आणि मागचा तुकडा रिकामाच राहतो. उलट दिशेने ढकलू पाहिले तर झडप अडविते. मानेतील नीलांच्या झडपा तर खाली हृदयाकडे उघडतात. रक्त पायांत साचू नये म्हणून झडपा आहेत हे फॅब्रिशियस यांचे स्पष्टीकरण तेथे लागूच पडत नाही. येथेही हार्वे यांचा हिशोबी स्वभाव सुटलेला नाही. बोटाने एका वेळी किती रक्त पुढे सरकते ते पाहा आणि त्याला हजाराने गुणा, असे ते वाचकाला सुचवितात.

ग्रंथ आणि वादळ

1628 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे विल्यम फिट्झर या प्रकाशकाने हा ग्रंथ छापला. डी मोटू कॉर्डिस या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. छपाई सुमार आणि मुद्रणदोष भरपूर. तो राजा चार्ल्स याला अर्पण केलेला असून राजा हा राज्याचे हृदय आहे, अशी तुलना त्यात केली आहे. ही केवळ दरबारी स्तुती समजू नये. पाण्याची वाफ होते, पाऊस पडतो आणि पाणी पुन्हा पृथ्वीवर येते, तशीच रक्ताची वर्तुळाकार गती आहे, अशी ॲरिस्टॉटलच्या वळणाची उपमाही ते देतात. हार्वे मनाने अनेक अर्थांनी जुन्या जगातलेच होते. त्यांच्या नव्या विचाराला जुन्या तत्त्वज्ञानाची भाषा सहज चालली.

ग्रंथामुळे आपला व्यवसाय मोठ्या प्रमाणात बसला, लोक आपल्याला डोके फिरलेला समजू लागले, असे हार्वे यांनीच सांगितल्याचे ऑब्री लिहितो. यात नवल नाही. गेलनच्या शिकवणुकीवर औषधोपचारांची सारी इमारत उभी होती. कोणत्या रोगात कोणत्या बाजूच्या नसेतून रक्त काढावे, याचे तपशीलवार नियम होते. सगळे रक्त एकच असेल आणि फिरत असेल, तर डाव्या-उजव्या हाताच्या त्या नियमांना अर्थ काय उरतो? गंमत अशी, की हार्वे यांनी स्वतः रक्त काढण्याचा उपचार सोडला नाही. शरीराविषयीचे ज्ञान बदलले, पण रुग्णाच्या बिछान्याशी वैद्याचा हात पूर्वीच्याच सवयीने चालत राहिला, आणि तो पुढे दीर्घकाळ तसाच चालला.

1630 मध्ये जेम्स प्रिमरोज याने विरोधात पुस्तक लिहिले. पॅरिसमधील प्रसिद्ध शरीररचनातज्ज्ञ झाँ रिओलाँ यांचा विरोध अधिक वजनदार होता. तत्त्वज्ञ देकार्त याने 1637 मधील आपल्या ग्रंथात रक्ताभिसरण मान्य केले, मात्र हृदय आकुंचनाने रक्त ढकलते हे मानले नाही. त्याच्या मते हृदयाच्या उष्णतेने रक्त प्रसरण पावून उसळते. सर्वांत लक्षणीय आक्षेप कास्पर होफमान यांचा. 1636 मध्ये राजाच्या वकिलातीबरोबर जर्मनीत गेलेल्या हार्वे यांनी न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडोर्फ येथे या वृद्ध प्राध्यापकापुढे प्रात्यक्षिक करून दाखविले. होफमान यांचे समाधान झाले नाही. निसर्ग तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरवून कोणता हेतू साधतो, असा त्यांचा प्रश्न होता. त्याहूनही त्यांना खटकली ती आकडेमोड. ज्याची मोजणी होऊच शकत नाही त्याची मोजणी हार्वे करू पाहतात, आणि शरीररचनाकाराची वस्त्रे उतरवून हिशेबनिसाची चढवितात, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. म्हणजे नवे काय आहे, हे विरोधकाने बरोबर ओळखले होते. रक्त फिरते कशासाठी, या त्यांच्या प्रश्नाला हार्वे यांच्यापाशी खरोखरच पुरते उत्तर नव्हते. प्राणवायूचा शोध तेव्हा दीड शतक दूर होता.

विरोधकांना उत्तरे देत बसण्याचा हार्वे यांचा स्वभाव नव्हता. एकवीस वर्षांनी, 1649 मध्ये, त्यांनी छापील उत्तर दिले ते एकट्या रिओलाँ यांना, दोन पत्रांच्या रूपाने.

युद्ध, अंडी आणि अखेर

राजवैद्य म्हणून त्यांना इतरही कामे करावी लागत. 1634 मध्ये लँकाशायरमधील चेटकीण ठरविलेल्या स्त्रियांची तपासणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. सैतानाच्या खुणा म्हणून जे सांगितले गेले होते त्यांत अनैसर्गिक असे काही आढळले नाही. पुढील वर्षी, 152 वर्षे जगल्याचा बोलबाला असलेल्या टॉमस पार याच्या प्रेताचे विच्छेदनही त्यांनीच केले.

1642 मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. ऑक्टोबरमधील एजहिलच्या लढाईत बारा वर्षांचा युवराज आणि नऊ वर्षांचा त्याचा भाऊ यांना सांभाळण्याचे काम हार्वे यांच्याकडे होते. त्यांना घेऊन ते एका कुंपणाच्या आडोशाला बसले, खिशातून पुस्तक काढून वाचू लागले, आणि तोफेचा गोळा जवळ येऊन पडला तेव्हा कोठे जागा बदलली, असे ऑब्री सांगतो. ही दोन्ही मुले पुढे इंग्लंडच्या गादीवर आली. याच सुमारास लंडनच्या राजवाड्यातील हार्वे यांचे बिऱ्हाड संसदेच्या सैनिकांनी लुटले. सामान गेले त्याचे दुःख त्यांना नव्हते. कीटकांच्या उत्पत्तीवरील, अनेक वर्षे खपून केलेली टिपणे नष्ट झाली, हा घाव मात्र त्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला.

राजाबरोबर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे एका मित्राच्या खोलीत कोंबडी उबवणीला बसवून, रोज एक अंडे फोडून, पिलाची वाढ न्याहाळण्यात ते रमले. 1645 मध्ये मर्टन कॉलेजाचे प्रमुखपद त्यांना मिळाले आणि वर्षभरात, शहर पडताच, गेलेही. जानेवारी 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. पत्नीही त्यांच्या आधी निवर्तली. संतती नव्हती. पत्नीच्या एका लाडक्या पोपटाची हकिकत त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. तो सुरेख बोलत असल्यामुळे सारे त्याला नर समजत. मेल्यावर विच्छेदन केले तेव्हा पोटात अंडे निघाले. शास्त्रीय नोंदीच्या कोरड्या कागदावर घरगुती जिव्हाळ्याचा असा डाग क्वचितच पडलेला दिसतो.

उतारवयात ते भावांच्या घरी राहत. जॉर्ज एंट या तरुण वैद्याने आग्रह करून त्यांच्याकडून प्राण्यांच्या उत्पत्तीवरील हस्तलिखित मिळविले व 1651 मध्ये ते प्रसिद्ध केले. हा ग्रंथ पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा, निरीक्षणांनी समृद्ध, पण निष्कर्षांच्या बाबतीत दुबळा आहे. राजाच्या शिकारीत मारलेल्या हरिणींचे गर्भाशय तपासून वीर्याचा मागमूस न दिसल्यामुळे, संसर्गासारख्या एखाद्या अदृश्य प्रभावाने गर्भ राहत असावा, अशा निर्णयाला ते आले. येथे गुणाकाराला आधार देणारे काही नव्हते. जे डोळ्यांना दिसत नाही तेथे सूक्ष्मदर्शकाची गरज होती. रक्ताच्या हिशोबात न दिसणारी कडी गणिताने भरून निघाली, गर्भाच्या बाबतीत तसे घडले नाही.

1654 मध्ये वैद्यक महाविद्यालयाने त्यांची अध्यक्षपदी निवड केली. वय आणि प्रकृती यांचे कारण देऊन त्यांनी ते पद नाकारले. त्याच सुमारास त्यांनी संस्थेला ग्रंथालय बांधून दिले आणि पुढे केंट परगण्यातील वडिलोपार्जित जमीन देऊन वार्षिक व्याख्यानाची सोय केली. ग्रंथालय 1666 च्या लंडनच्या महाआगीत भस्मसात झाले. व्याख्यान आजही चालू आहे. 3 जून 1657 रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. एसेक्स परगण्यातील हेम्पस्टेड येथे, शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेला त्यांचा देह कुटुंबाच्या तळघरात ठेवण्यात आला. 1883 मध्ये वैद्यक महाविद्यालयाने तो तेथल्याच चर्चमध्ये संगमरवरी पेटीत हलविला.

आपल्या मताचा स्वीकार झालेला त्यांनी हयातीतच पाहिला. पाहिली नाही ती एक गोष्ट. रोहिण्यांतील रक्त नीलांत जाते कसे? त्यांना जोडणाऱ्या वाटा असल्याच पाहिजेत, कारण त्याशिवाय हिशोब जुळत नाही, एवढेच हार्वे म्हणू शकत होते. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाच्या फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्या केशवाहिन्या दिसल्या. ठोक्याला नेमके किती रक्त बाहेर पडते, या दुसऱ्या अपुऱ्या आकड्याच्या मागे स्टीफन हेल्स हा इंग्रज धर्मोपदेशक लागला. त्याने घोडीच्या रोहिणीत काचेची उंच नळी बसविली, तेव्हा रक्त तीत आठ फुटांहून वर चढले. नंतर मेलेल्या जनावराच्या डाव्या जवनिकेत वितळलेले मेण ओतून, त्या मेणाच्या ठोकळ्यावरून त्याने कप्प्याची धारणशक्ती काढली, तिला ठोक्यांनी गुणले, आणि तो हिशोब 1733 मध्ये छापून प्रसिद्ध केला.